मोठ्यांची शाळा



मी रेल्वेत रुळांचे काम पाहणारा एक पदविकाधारक इंजिनिअर. इतिहास हा माझा प्रांत नव्हे. पण गेल्या पावसाळ्यात गुरसरायच्या आपल्या मंडळींनी रविवारी संध्याकाळी एकत्र जमून जुने मराठी ग्रंथ वाचायचे आणि जुने चित्रपट पाहायचे ठरवले, तेव्हा एका सहकाऱ्याने विचारले, "साहेब, या वयात पुन्हा शाळा कशाला?" त्या वेळी उत्तर सुचले नाही. ते आज देण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

मोठ्यांची शाळा आपल्याला नवी नाही. कीर्तन ही तर तिची सर्वांत जुनी इयत्ता. दिवसभर राबणाऱ्यांसाठी जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये पुण्यात रात्रशाळा काढली. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली. लोकमान्यांनी चालना दिलेल्या सार्वजनिक गणेशोत्सवाच्या मांडवातही आरतीनंतर व्याख्याने होत.

चित्रपटाची शाळाही पुण्यातच भरली. ज्या आवारात प्रभातने १९३६ चा 'संत तुकाराम' काढला, तेथेच १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तेथे चित्रपट रसास्वाद शिकवणारे प्रा. सतीश बहादूर पूर्वी आपल्या या बाजूलाच, आग्र्याला, अर्थशास्त्र शिकवत. 'पथेर पांचाली'चा एकेक प्रसंग ते उलगडून दाखवत. पुढे दोन्ही संस्थांच्या रसास्वाद वर्गांना नोकरदार माणसेही रजा टाकून जाऊ लागली. मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळ हेच काम करत आले आहे.

आता आपल्या मुलखाकडे वळू. झाशीचे गंगाधरराव नेवाळकर नाटकाचे मोठे शौकीन. त्यांची नाट्यशाळा प्रसिद्ध होती. झाशीचे ग्रंथालयही नामांकित होते. एप्रिल १८५८ मध्ये इंग्रजी फौजा शहरात शिरल्या तेव्हा वरसईचे विष्णुभट गोडसे झाशीतच होते. पुस्तकांची झालेली नासधूस त्यांनी 'माझा प्रवास'मध्ये लिहून ठेवली आहे. चिंतामणराव वैद्यांनी हे पुस्तक १९०७ मध्ये छापले, पण मजकुरात बरेच फेरफार करून. मूळ हस्तलिखिताप्रमाणे ते दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढले.

आमच्या वर्गाने हेच पुस्तक प्रथम घेतले. जोडीला सोहराब मोदींचा १९५३ चा 'झांसी की रानी' पाहिला. मांडवातली पांढरी चादर हाच पडदा. पुस्तकातली राणी आणि पडद्यावरची राणी यांत काय फरक, यावर दोन रविवार गेले. मग एका तरुणाने विचारले, "तेव्हा आपले गुरसराय कोणाकडे होते?"

सारे गप्प झाले. गोविंदपंत बुंदेल्यांच्या खेर घराण्याचे हे गाव. पण १८५७ मध्ये येथील केशवराव इंग्रजांच्या बाजूला राहिले आणि जालौनच्या इंग्रज अधिकाऱ्याने तेथला कारभार त्यांच्या हाती दिला. हे सांगावे की सोडून द्यावे, यावर वाद झाला. शेवटी एक वृद्ध काका म्हणाले, "वाचायला बसलोय ना? मग सोयीचं तेवढंच कसं वाचायचं?" सहकाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर मला तेथे मिळाले. लहानपणी शाळेत आपण उत्तर पाठ करतो. न आवडणारे उत्तर शांतपणे ऐकून घ्यायला मात्र वय व्हावे लागते.

आणखी एक प्रसंग. आमच्यातल्या एका काकूंचे सारे शिक्षण हिंदीतून झाले. घरात मराठी बोलल्या, लिपीही तीच. पण मराठी पुस्तक कधी हाती धरलेले नव्हते. त्या दिवशी त्यांनी अडखळत एक पान मोठ्याने वाचले आणि पुस्तक मिटून म्हणाल्या, "ही तर आमच्या आजीची बोली."

२००३ मध्ये झाशी विभाग मध्य रेल्वेतून उत्तर मध्य रेल्वेत गेला. आता मुंबईकडून बदली होऊन कोणी येईल आणि मराठी टिकवील, या भरवशावर राहून चालणार नाही. रूळ रोज तपासावा लागतो, तशीच भाषाही.

दर रविवारी सायंकाळी सहा वाजता आपण सर्वांनी सहकुटुंब अवश्य यावे, ही नम्र विनंती. हिंदीभाषक मित्रांचेही मनःपूर्वक स्वागत आहे. विद्येची देवता आपणा सर्वांना सुबुद्धी देवो.

गणपती बाप्पा मोरया!