कॅमेरा गोल फिरतो तेव्हा: ३६० अंश पॅन म्हणजे काय?

लग्नाच्या हॉलमध्ये हल्ली ३६० व्हिडिओ बूथ दिसतो. आपण चौथऱ्यावर उभं राहायचं आणि फोन लावलेला दांडा आपल्याभोवती गरागरा फिरतो. या चालीला ऑर्बिट म्हणतात. आज मी सांगतोय ती याच्या बरोबर उलट चाल आहे, ३६० अंश पॅन. यात कॅमेरा एका जागी राहून स्वतःभोवती पूर्ण फेरी मारतो. बूथमध्ये मध्यभागी तुम्ही असता, पॅनमध्ये कॅमेरा. फरक छोटा वाटतो, पण त्यातून एक भलतीच अडचण तयार होते: कॅमेऱ्याच्या मागे उभं राहायला जागाच उरत नाही! जिथे उभे राहाल, तिथे कॅमेरा येणारच.

कॅनडाचा कलाकार मायकेल स्नो याने या अडचणीवर अख्खा सिनेमा उभा केला. १९७१ सालचा 'ला रेज्यों सांत्राल', म्हणजे 'मधला प्रदेश'. लांबी तीन तास, गोष्ट नाही, माणूस नाही. क्वेबेकच्या उत्तरेकडचा एक ओसाड, खडकाळ डोंगरमाथा, बस्स. पिएर आबेलूस या तंत्रज्ञाने खास बनवलेलं यंत्र हेलिकॉप्टरने तिथे नेलं. त्यावरचा १६ मिमी कॅमेरा आडवा फिरे, वरखाली फिरे आणि लेन्सच्या अक्षावर गोलही फिरे. त्यामुळे आकाश खाली आणि जमीन वर, असंही दिसतं. स्नो आणि त्याचे साथीदार शूटिंगच्या वेळी खडकांआड लपून बसायचे. पडद्यावर मधूनच यंत्राची सावली दिसते, तेवढीच काय ती खूण.

गंमत बघा, आपल्या मोबाइल गिंबलमध्येही हेच तीन अक्ष असतात: पॅन, टिल्ट, रोल. गिंबल त्यांचा वापर चित्र स्थिर ठेवायला करतो. स्नोने ते चित्र मोकाट सोडायला वापरले.

तीन तास सलग बघणं सोपं नाही, मीही तुकड्यातुकड्यांत पाहिला. म्हणून सुरुवात शांताल आकरमनच्या 'ला शांब्र' (१९७२) पासून करा, तो जेमतेम अकरा मिनिटांचा आहे. बेल्जियमची ही विशीतली मुलगी न्यूयॉर्कला आली आणि स्नोचे सिनेमे पाहून भारावली. तिने कॅमेरा, बाबेत मांगोल्तच्या हातून, एका खोलीत फिरवला: खुर्ची, टेबल, किटली, खिडकी आणि पलंगावर स्वतः आकरमन. लपायचंच नाही, हे तिचं उत्तर! आवाज अजिबात नाही. प्रत्येक फेरीत सामान तसंच, ती मात्र वेगळी. कधी नुसती पाहते, कधी सफरचंद खाते. मधेच कॅमेरा दिशा बदलतो आणि आपण दचकतो, कारण एव्हाना आपण तिची वाट बघायला लागलेलो असतो. कट केला असता तर ही वाट बघणं घडलंच नसतं.

लॉरा मल्व्ही आणि पीटर वॉलन यांच्या 'रिडल्स ऑफ द स्फिंक्स' (१९७७) मध्ये तर एका आईची गोष्ट अशा तेरा फेऱ्यांत सांगितली आहे.

घरी करून बघायचं? मी केक सजवायच्या फिरत्या स्टँडवर छोटा ट्रायपॉड ठेवला. स्टँड हातानेच फिरवायचं होतं, म्हणून मी वाकून फोनच्या मागेमागे फिरत राहिलो. तरी भिंतीवर माझी सावली आलीच. तिसऱ्या फेरीत आई चहा घेऊन आत आली आणि "काय चाललंय तुझं?" म्हणत तिथेच थांबली. सगळ्यात चांगली फेरी तीच निघाली.

दोन गोष्टी सांभाळा. स्क्रीनवर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर खिडकी आली की खोली एकदम काळी होते. आणि वेग कमी ठेवा. कॅमेरामनचा जुना ठोकताळा असा, की एखादी वस्तू फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला जायला साधारण ७ सेकंद लागावेत. फोन आडवा धरला तर एका फेरीला अंदाजे ४० सेकंद लागतील. रीलसाठी उभा धरलात तर फ्रेम अरुंद होते, तेव्हा मिनिटभर तरी द्या.