गाडीच्या एसीला इलेक्ट्रिक फॅन जोडताना काय बघावं?

गाडी हायवेवर धावत असते तोवर एसी मस्त थंड देतो. सिग्नलला किंवा घाटातल्या ट्रॅफिकमध्ये अडकलो की मात्र कोमट हवा येऊ लागते. अशा वेळी बरेच जण आधी गॅस भरून घ्यायला जातात. पण गॅस बरोबर असतानाही असं होऊ शकतं, कारण कंडेन्सरवरून पुरेशी हवाच जात नसते.

कंडेन्सर म्हणजे रेडिएटरच्या पुढे बसवलेली जाळी. केबिनमधली उष्णता गॅस इथे बाहेर सोडतो. गाडी वेगात असताना समोरचा वारा हे काम करतो. गाडी थांबली की सगळा भार फॅनवर येतो. ॲम्बेसेडर, पद्मिनी, जुनी जीप यांत फॅन इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणजे आयडलिंगला तो हळू फिरणार. मग गॅसचं प्रेशर चढतं, कॉम्प्रेसरवर ताण येतो आणि इंजिनही तापतं. म्हणून अशा गाड्यांना बाहेरून एसी बसवताना वेगळा इलेक्ट्रिक फॅन जोडतात.

फॅन बसवणं सोपं आहे. खरा प्रश्न वायरिंगचा आहे.

शॉर्टकट का नको?

कॉम्प्रेसरच्या क्लचला जाणारी वायर फोडून तिथूनच फॅनला सप्लाय देणं, हा नेहमीचा शॉर्टकट. एसी लावला की फॅन फिरतो, काम झालं असं वाटतं. पण क्लचची कॉइल साधारण ३ ते ४ अँपिअर घेते आणि ती वायर तेवढ्याच हिशोबाने टाकलेली असते. १२० वॅटचा फॅन १२ व्होल्टवर १० अँपिअर घेतो, सुरू होताना क्षणभर त्याच्या दुप्पट-तिप्पट. एवढा करंट एसीच्या स्विचमधून गेला की स्विचचे पॉइंट जळतात, डॅशबोर्डमागची वायर तापते, वरचं प्लास्टिक वितळतं. फ्यूज उडतो म्हणून कुणी मोठा फ्यूज टाकला, तर पुढची पायरी आग आहे. मागच्या सीटवर मुलं आणि अम्मी-अब्बा बसलेले असतात, हे विसरू नये.

बरोबर पद्धत

नियम एकच: एसीच्या वायरीतून फक्त इशारा घ्यायचा, करंट थेट बॅटरीतून घ्यायचा. मध्ये रिले लागतो. १२ व्होल्टचा, ३० किंवा ४० अँपिअरचा साधा रिले चालतो. त्याच्या पायांजवळ आकडे छापलेले असतात:

- ३०: बॅटरीच्या प्लसकडून, फ्यूजमधून येणारी जाड वायर
- ८७: फॅनच्या प्लसकडे जाणारी जाड वायर
- ८६: एसीकडून येणारा इशारा, इथे बारीक वायर पुरते
- ८५: बॉडी अर्थ

१२० वॅटच्या फॅनला २.५ स्क्वेअर एमएम तांब्याची वायर आणि २० अँपिअरचा फ्यूज ठीक बसतो. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच असावा. तो दूर असेल, तर त्याच्या आधीची वायर घासून शॉर्ट झाल्यास तिला कुणी वाचवणार नाही. फॅनचा अर्थ रंग खरवडून, थिंबल लावून, बोल्टने घट्ट कसावा. कामाला हात लावण्याआधी बॅटरीचा मायनस काढावा.

रेडिएटरचाही तोच फॅन असेल तर

फॅन एकच असेल, तर इंजिन तापल्यावरही तो सुरू व्हायला हवा. अनेक जुन्या गाड्यांत थर्मो स्विच अर्थ देतो, तर एसीकडून प्लस येतो. हे दोन इशारे एकाच रिलेवर जोडले तर घोळ होतो. दोन रिले वापरावेत आणि दोन्हींचे ८७ फॅनच्या प्लसला द्यावेत. मग कुठलाही एक रिले लागला तरी फॅन फिरेल. रिले पाच पायांचा असेल, तर मधला ८७-ए मोकळा ठेवून त्यावर स्लीव्ह चढवावी, कारण रिले बंद असताना त्यावर सतत बॅटरीचा प्लस असतो.

एसीचा इशारा शक्यतो प्रेशर स्विचच्या आधीच्या वायरीतून घ्यावा. प्रेशर फार चढलं की हा स्विच क्लच बंद करतो. इशारा त्याच्या पुढून घेतला असेल, तर नेमकी गरज असतानाच फॅनही थांबेल.

पैसे देण्याआधी तपासा

इंजिन चालू, एसी चालू असताना कंडेन्सरसमोर कागद धरा. हवा इंजिनकडे ओढली जात असेल, तर कागद जाळीला चिकटतो. कागद बाहेर ढकलला जात असेल, तर फॅन उलटा फिरतोय. मग मीटरने बॅटरीवरचे आणि फॅनच्या दोन टोकांवरचे व्होल्ट मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल, तर वायर बारीक आहे किंवा जोड कच्चा आहे. दहा मिनिटांनी वायर, रिले आणि फ्यूज होल्डरला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका नको. फिरत्या पात्यापासून ओढणी, बाही आणि मुलांचे हात दूर ठेवा. काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही फॅन अचानक फिरतो.

नव्या गाड्यांत फॅन कधी लावायचा हे इंजिनचा कंप्युटर ठरवतो. तिथे वायर फोडू नये. आधी फॅनची मोटर, फ्यूज आणि रिले तपासून घ्यावेत. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांतल्या नारिंगी वायरींना तर हातच लावू नये, त्यांत जीवघेणा व्होल्टेज असतो.

आपल्या मोहल्ल्यांतली कितीतरी पोरं ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतात. गाडी त्यांच्याकडे द्या, पण एवढं जरूर विचारा: रिले लावला का, फ्यूज किती अँपिअरचा आणि तो कुठे आहे? चांगला वायरमन या प्रश्नावर रागावत नाही, बोनेट उघडून दाखवतो.