आसूड (श्वानप्रशिक्षणातील)
संरक्षण-प्रशिक्षणात आसूड कुत्र्याला मारण्यासाठी नसतो. त्याचा कडाका पिल्लाची शिकारवृत्ती चेतवतो. जर्मन शेफर्ड, बेल्जियन मॅलिनॉय यांच्या पिल्लांना तो आधी दुरून ऐकवतात, तोही चिंधीचा खेळ रंगात आल्यावर. पिल्लू शेपूट पाडून मागे सरले, तर अंतर वाढवायचे. ओढीने पुढे झेपावले, तर चिंधी त्याच्या तोंडी द्यायची. घाई नडते ती इथेच. एकदा बसलेली धास्ती सहजी जात नाही. वाशीम जिल्ह्यात मात्र आसूड ओळखीचा आहे तो पोतराजाच्या हातातला. तो कडाडला की गल्लीतले पिल्लू दडी मारते, कारण सोबत खेळ नसतो. कुत्र्याला फटके मारणाऱ्यावर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली कारवाई होऊ शकते.