ज्ञानदानाची परंपरा आणि शासनाचे कर्तव्य

आहार, औषध, अभय आणि ज्ञान अशी दानाची चार अंगे जैन शास्त्रांनी सांगितली आहेत. त्यांपैकी ज्ञानदानाचा महाराष्ट्रातील इतिहास पाहू गेल्यास शासनाच्या अनास्थेचाही इतिहास उलगडत जातो.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. खर्चाचा भार आणि लोकांची तयारी नसणे ही कारणे पुढे करून पुढील वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. विशाल साम्राज्याला जे परवडले नाही, ते बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करून दाखविले.

याच काळात कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली. साताऱ्यात १९२४ मध्ये त्यांनी वसतिगृह सुरू केले. महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान अशा सर्व जातिधर्मांची निराधार मुले तेथे एका पंक्तीत जेवू लागली. मुलांच्या पोटासाठी सौभाग्यवती लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. जो भार सरकारी तिजोरीने उचलावयाचा, तो एका माउलीच्या गळ्यातील सौभाग्यलेण्याने उचलला.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४५व्या कलमाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे अभिवचन दिले. ती मुदत १९६० मध्ये सरली. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्च करण्याची शिफारस केली. तो आकडा आजवर गाठला गेलेला नाही. शिक्षण हक्काचा कायदा अमलात येण्यास १ एप्रिल २०१० उजाडावे लागले. तरीही आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला जाणाऱ्या बालकाची शाळा ऐन हंगामात सुटतेच.

समाजाने वसतिगृहे बांधावीत, शिष्यवृत्त्या द्याव्यात. तो आपला धर्मच आहे. परंतु कोणत्याही विश्वस्त संस्थेच्या दारापर्यंत न पोहोचणाऱ्या मुलाचे काय? त्याच्यापर्यंत केवळ शासनाचाच हात पोहोचू शकतो. म्हणून दात्याने दान देत असतानाच शासनाकडे त्याच्या कर्तव्याचा हिशेबही मागितला पाहिजे. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल पर्वावर समाजाने हा दुहेरी संकल्प करणे, हेच ज्ञानदानाच्या थोर परंपरेला खरे अभिवादन ठरेल.