एव्हरेस्टवरची नावं कुणाची?

एव्हरेस्टच्या नेपाळकडच्या वाटेचा नकाशा समोर घेतला, की खालून वर जाताना ही नावं ओळीने लागतात: खुंबू आइसफॉल, वेस्टर्न कूम, ल्होत्से फेस, जिनिव्हा स्पर, साउथ कोल, बाल्कनी, हिलरी स्टेप. तिबेटच्या बाजूने चढलात तर नॉर्थ कोल, नॉर्टन कुल्वार आणि एकावर एक तीन स्टेप. सह्याद्रीत भटकणाऱ्यांसाठी सांगायचं तर कोल म्हणजे खिंड, स्पर म्हणजे सोंड आणि कुल्वार म्हणजे नाळ. एका डोंगरावर इंग्रजी, फ्रेंच, वेल्श आणि तिबेटी शब्द खेटून बसले आहेत.

ही नावं कुठून आली हे शोधायला लागलो तेव्हा वाटलं होतं, रंजक किश्श्यांची एक यादी हाती लागेल. किस्से मिळालेच. पण ते क्रमाने लावल्यावर त्यांतून वेगळंच काही दिसायला लागलं. नाव जागेबद्दल थोडं सांगतं आणि ते देणाऱ्याबद्दल बरंच. तो कुठे उभा राहून बघत होता, त्याला त्या जागेचं काय करायचं होतं, आणि त्याच्या हातात वही होती की पाठीवर दुसऱ्याचं ओझं होतं, हे सगळं नावात उतरतं.

सुरुवात शिखरापासूनच करू. १८०२ साली विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ जमीन मोजायला घेतली आणि त्यातून भारताचं महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण उभं राहिलं. लॅम्बटन १८२३ साली मोजणी करत करत आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला पोचले आणि तिथेच वारले. त्यांची कबर आजही तिथे आहे. पुढे काम त्यांचे सहकारी जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडे आलं. एव्हरेस्ट १८४३ साली निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. जगातल्या सर्वांत उंच शिखराची निरीक्षणं त्यानंतरची, अँड्र्यू वॉ यांच्या कारकिर्दीतली.

नेपाळ आणि तिबेट दोन्ही सर्वेक्षकांना बंद होते. त्यामुळे दुरून, तराईतल्या ठाण्यांवरून दुर्बिणी रोखायच्या आणि दिसेल त्या शिखराला रोमन आकडा द्यायचा, अशी पद्धत होती. कांचनगंगा नवव्या क्रमांकावर होती. पंधराव्या क्रमांकाचं शिखर सर्वांत उंच असल्याचं गणिताने ठरलं आणि १८५६ साली त्याची उंची २९,००२ फूट जाहीर झाली. नेपाळ आणि चीन यांनी २०२० साली मिळून जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर आहे, म्हणजे २९,०३२ फुटांच्या किंचित आत. शेकडो किलोमीटरवरून, कागदावर आकडेमोड करून काढलेल्या उंचीत फरक जेमतेम तीस फुटांचा! या आकडेमोडीतलं मोठं नाव म्हणजे सर्वेक्षणाचे मुख्य गणक, बंगाली गणितज्ञ राधानाथ सिकदर. त्यांच्या वाट्याला एक आख्यायिका आली. शिखर आलं जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या वाट्याला.

गंमत म्हणजे स्वतः एव्हरेस्ट यांना हे नको होतं. शक्यतो स्थानिक नावंच ठेवावीत, असा त्यांचाच आग्रह असायचा. वॉ यांचं म्हणणं होतं, की इथे एकच एक सर्वमान्य स्थानिक नाव सापडत नाही. त्यावर एव्हरेस्ट यांनी आक्षेप घेतला, की माझं नाव हिंदीत लिहिता येणार नाही आणि तिथल्या लोकांना ते उच्चारताही येणार नाही. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८६५ साली ते नाव तरीही पक्कं केलं. हे वाक्य मी देवनागरीत लिहितो आहे, तेव्हा लिहिण्याबद्दलची त्यांची शंका खोटी ठरली. उच्चाराबद्दलची मात्र खरी ठरली. त्यांच्या घरात आडनावाचा उच्चार ‘ईव्हरेस्ट’ असा व्हायचा. आज आपणच काय, इंग्रजसुद्धा ते चुकीचं उच्चारतात.

आणि स्थानिक नाव नव्हतं असं कसं म्हणावं? फ्रेंच नकाशाकार दांव्हिल यांच्या १७३३ सालच्या तिबेटच्या नकाशावर चोमोलुंग्माशी मिळतंजुळतं नाव आहे, वॉ यांच्या पत्रव्यवहाराच्या सव्वाशे वर्षं आधी. शेर्पांच्या श्रद्धेप्रमाणे इथे मियोलांगसांग्मा या देवीचा वास आहे, पाच बहिणींपैकी एक. नेपाळचं ‘सगरमाथा’ हे नाव त्यामानाने अलीकडचं. विसाव्या शतकात इतिहासकार बाबुराम आचार्य यांनी ते पुढे आणलं. म्हणजे देवीचं नाव, साहेबाचं नाव आणि राष्ट्राचं नाव अशी तिन्ही एकाच टोकावर आहेत.

आम्हा प्रोग्रॅमरांना एक अनुभव नेहमी येतो. घाईत ‘टेम्प’ असं तात्पुरतं नाव दिलेला व्हेरिएबल पाच वर्षांनीही तसाच असतो, कारण तोवर शंभर ठिकाणी तो वापरला गेलेला असतो. काराकोरममधलं के-टू हे याचं जगातलं सर्वांत उंच उदाहरण: १८५६ साली सर्वेक्षकाने वहीत टाकलेली खूण अजूनही शिखराचं नाव आहे. वापर सुरू झाला की नाव बदलत नाही. म्हणून पहिल्यांदा कोण लिहितं याला एवढं महत्त्व.

आता शिखराभोवती बघू. ल्होत्से, नुप्त्से, चांगत्से ही नावं अस्सल तिबेटी वाटतात आणि भाषेने ती आहेतही. ल्हो म्हणजे दक्षिण, नुप म्हणजे पश्चिम, चांग म्हणजे उत्तर आणि त्से म्हणजे शिखर. पण दक्षिण कुणाच्या? पश्चिम कशाच्या? खुंबूतल्या तेंगबोचेच्या मठासमोर उभं राहिलं तर नुप्त्से ईशान्येला दिसतं. ते ‘पश्चिम शिखर’ होतं फक्त एव्हरेस्टवरून मोजलं तर. शब्द तिबेटी आहेत, पण आलेखाचा आरंभबिंदू एव्हरेस्ट आहे. ज्याला फक्त तिथेच पोचायचंय, त्याची ही नजर आहे.

राहणाऱ्यांची नजर वेगळी. खुंबूच्या दऱ्यांत जिथवर याक चरतात, बटाटा पिकतो, मुक्काम पडतो तिथवर नावं दाट आहेत: दिंगबोचे, लोबुचे, गोरक शेप. गवत संपलं की गावकऱ्यांची नावं विरळ होतात. वर जाण्याचं कामच नव्हतं, मग प्रत्येक पायरीला नाव कशाला हवं? वरची ती रिकामी जागा गिर्यारोहकांनी भरली, आणि प्रत्येकाने आपापल्या घरून आणलेल्या शब्दांनी.

यात पहिला मान जॉर्ज मॅलरी यांचा. १९२१ सालच्या पहिल्या ब्रिटिश मोहिमेत त्यांनी उत्तरेच्या बाजूने, सरहद्दीवरच्या एका खिंडीतून पलीकडे डोकावून पाहिलं. खाली एव्हरेस्ट, ल्होत्से आणि नुप्त्से यांच्या भिंतींमध्ये कोंडलेली हिमनदीची दरी होती. मॅलरी वेल्सच्या डोंगरांत चढाया केलेले, तिथे अशा दरीला ‘कूम’ म्हणतात. झालं ‘वेस्टर्न कूम’. त्यांना तिथे उतरता आलं नाही. तिथे माणसाचं पहिलं पाऊल पडलं ते थेट १९५२ साली, स्विस मोहिमेत. म्हणजे एकतीस वर्षं ती दरी आपलं वेल्श नाव घेऊन निर्मनुष्य पडून होती.

त्याच मोहिमेत मॅलरींनी शेजारच्या एका देखण्या शिखराला आपल्या थोरल्या मुलीचं, क्लेअरचं नाव देऊन पाहिलं. नकाशावर राहिलं ते पुमोरी. शेर्पा भाषेत पुमो म्हणजे मुलगी आणि री म्हणजे डोंगर. तीन वर्षांनी मॅलरी डोंगरावरून परतले नाहीत. बापाची आठवण अशी भाषांतर होऊन टिकली. एव्हरेस्टच्या परिसरात मला सर्वांत आवडणारं नाव हेच. ज्याने दिलं त्याचा जीव त्यात आहे आणि जिथे दिलं तिथली भाषाही.

पुढची नावं हळूहळू हजेरीपटासारखी होत गेली. १९२४ साली एडवर्ड नॉर्टन प्राणवायूच्या नळकांड्यांशिवाय ८,५७३ मीटरपर्यंत गेले आणि ज्या नाळेत थांबले ती नॉर्टन कुल्वार झाली. १९५२ च्या स्विस मोहिमेतले गिर्यारोहक बहुतेक जिनिव्हाचे, म्हणून साउथ कोलखालची सोंड जिनिव्हा स्पर झाली. १९६३ साली टॉम हॉर्नबाइन आणि विली अनसोल्ड पश्चिम धारेकडून ज्या घळीतून वर गेले ती हॉर्नबाइन कुल्वार.

आणि हजेरीपटावर कोण नाही? ७ जून १९२२ रोजी नॉर्थ कोलखालच्या उतारावर हिमलोट आला आणि मोहिमेचं सामान वाहणारे सात जण मेले. एव्हरेस्टवरचे हे पहिले नोंदलेले बळी. त्या उताराला त्यांच्यातल्या कुणाचं नाव लागलं नाही. १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबू आइसफॉलमध्ये बर्फाचा प्रचंड कडा कोसळून सोळा नेपाळी कामगार-वाटाडे गेले, त्यांत बहुतेक शेर्पा. ते जिथे गेले त्या भागाला गिर्यारोहक ‘पॉपकॉर्न फील्ड’ म्हणतात, बर्फाचे फुगलेले गोळे लाह्यांसारखे दिसतात म्हणून. नाव देणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मोहिमेच्या प्रत्येक हंगामात तिथून ओझं घेऊन पुन्हा पुन्हा जाणाऱ्याने नाव ठेवलं असतं, तर त्याला लाह्या आठवल्या असत्या असं वाटत नाही.

हिलरी स्टेपची गोष्ट तर सर्वांना माहीत असते. शिखराच्या थोडं खाली, सुमारे ८,७९० मीटरवर, बारा-एक मीटरचा उभा खडक. २९ मे १९५३ रोजी एडमंड हिलरी तो खडक आणि बर्फाच्या फटीतून चढले आणि दोरावर दुसरे होते तेनसिंग नोर्गे. हिलरींनी नंतर केलेल्या वर्णनात वर पोचलेल्या, थकलेल्या तेनसिंगना नुकत्याच पाण्याबाहेर काढलेल्या माशाची उपमा आली. तेनसिंगना ती लागली आणि १९५५ सालच्या आत्मचरित्रात त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं. आपण दोघांनी मिळून चढाई केली, हे त्यांचं म्हणणं. नावात मात्र दोरावरचा एकच माणूस राहिला. तेनसिंग आणि हिलरी अशा दोघांच्या नावाने दोन वेगळी शिखरं असावीत, असा प्रस्ताव नेपाळमध्ये पुढे आला तो २०१३ साली, साठ वर्षांनी.

या स्टेपची तुलना उत्तरेकडच्या सेकंड स्टेपशी करून बघा. १९६० साली चिनी मोहीम तिथे अडली. ल्यू लिएनमान यांनी आपले खांदे शिडीसारखे दिले. छू यिनहुआ यांनी सहकाऱ्याला काटेरी बूट लागू नयेत म्हणून बूट काढले, तो कडा पार केला आणि हिमदंशाने पायाची बोटं गमावली. १९७५ साली चिन्यांनी तिथे धातूची शिडी बसवली. आज त्या जागेची ओळख ‘सेकंड स्टेप’ आणि ‘चायनीज लॅडर’. खांदा देणाऱ्याचं नाव नाही, बोटं देणाऱ्याचंही नाही. शिडीला देश मिळाला.

२०१५ च्या भूकंपानंतर हिलरी स्टेपचा आकार बदलल्याचं काही गिर्यारोहकांनी सांगितलं. नेपाळी अधिकाऱ्यांनी ते नाकारलं. वाद खडकाबद्दल होता. नाव राहणार याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

एक नाव मात्र असं आहे, जे कुठल्याही अधिकृत नकाशावर नाही आणि तरी उत्तरेच्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला वर्षानुवर्षं माहीत होतं. सुमारे ८,५०० मीटरवर खडकाच्या कपारीत एका गिर्यारोहकाचं शरीर होतं, पायात हिरवे बूट. ‘ग्रीन बूट्स दिसले की अमुक अंतर राहिलं’ असा हिशेब चालायचा. १० मे १९९६ च्या वादळात भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे तीन लडाखी जवान तिथे वरच राहिले: त्सेवांग समानला, दोर्जे मोरुप आणि त्सेवांग पालजोर. ग्रीन बूट्स म्हणजे पालजोर, असं बहुतेक जण मानतात. एव्हरेस्टपासून हिलरीपर्यंत माणसांची नावं दगडाला लागत गेली. इथे माणूसच दगडासारखी खूण झाला आणि त्याला नाव मिळालं बुटांचं.

नावं बदला, पाट्या बदला अशी मागणी मला करायची नाही. ‘ल्होत्से फेस’ म्हटल्यावर वायरलेसवर ऐकणाऱ्याला नेमकी जागा कळते आणि तिथे कुणाचा तरी जीव त्यावर अवलंबून असतो. नावाचं ते पहिलं काम आहे. पण तीच नावं इतिहास म्हणून वाचताना त्यांच्याजवळची मोकळी जागाही वाचावी लागते. जिनिव्हा स्परवर सामान कुणी पोचवलं, हिलरी स्टेपवर दोराच्या दुसऱ्या टोकाला कोण होतं, ग्रीन बूट्स कुणाच्या पायात होते. त्यांची नावं आपल्याला माहीत आहेत. ती उच्चारायला अवघडही नाहीत.