परिचारिकांचे उच्च शिक्षण : एक मागोवा

आमच्या अमरावती धर्मप्रांतात बुलढाणा जिल्हा येतो. येथील ख्रिस्ती घरांत मुलगी परिचारिका झाली, की तिचे शिक्षण संपले असे मानले जाते. पुढची पदवी कशाला, असा प्रश्न धर्मग्रामात आम्हांला अनेकदा विचारला जातो. त्याचे उत्तर इतिहासात सापडते.

आपल्या देशात परिचर्या हे फार काळ वॉर्डात राबत शिकण्याचे काम होते. १९४६ साली दिल्ली व वेल्लोर येथे पदवी अभ्यासक्रम सुरू झाला, तेव्हा ती विद्यापीठाची विद्या ठरली. दिल्लीतच १९५९ साली पदव्युत्तर शिक्षणास आरंभ झाला. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे परिचर्या महाविद्यालय १९६४ चे.

शिकलेल्या स्त्रीच्या हाती रुग्ण सोपवण्यास ख्रिस्तसभेनेही वेळ घेतला, हे मोकळेपणी सांगितले पाहिजे. डॉ. मेरी ग्लाउरी ह्या ऑस्ट्रेलियन बाई १९२० साली गुंटूरला आल्या आणि धर्मभगिनी झाल्या. पण धर्मभगिनी असून वैद्यकी करण्यासाठी त्यांना पोपमहोदयांची खास परवानगी लागली. बाळंतपणासह वैद्यकीय सेवेची वाट धर्मभगिनींना रोमने खुली केली ती १९३६ साली. पुढे १९४३ मध्ये ह्याच भगिनींनी कॅथलिक रुग्णालयांची संघटना उभारली.

अमेरिकेत कोलोरॅडो येथे १९६५ साली लॉरेटा फोर्ड ह्या परिचारिकेने डॉ. हेन्री सिल्व्हर यांच्यासह एक निराळा अभ्यासक्रम काढला. मुलाला तपासावे, साध्या दुखण्याचा निर्णय स्वतः घ्यावा, गंभीर असेल तर वेळीच डॉक्टरांकडे पाठवावे, हे त्यांनी परिचारिकांना शिकवले. ही डॉक्टरांची नक्कल नव्हे, परिचर्येचाच विस्तार आहे, असा फोर्डबाईंचा आग्रह होता. तो आम्हांला पटतो.

आपल्याकडे अतिदक्षता विभागासाठी असा दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेने आखला, तो थेट २०१६-१७ च्या सुमारास. २०१८ साली प्रसूतिसेवेसाठी केंद्र सरकारने मार्गदर्शक सूचना काढल्या. २०२३ साली संसदेने परिचर्येचा नवा कायदाही केला. तरी एम.एस्सी. झालेली परिचारिका बहुधा महाविद्यालयात शिकवायला जाते, रुग्णाच्या खाटेकडे परतत नाही. कारण तिथे तिच्या विद्येला साजेसे पद व अधिकार नसतात. मग पालकांनी तरी आणखी दोन वर्षांचा खर्च का सोसावा?

बुलढाण्यात २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही आनंदाची गोष्ट. पण सातपुड्याच्या पायथ्याशी संग्रामपूर वा जळगाव जामोदच्या आदिवासी पाड्यातून रात्री अडलेली बाई उपकेंद्राच्या दारी येते, तेव्हा समोर उभी असते ती परिचारिकाच. तिला किती कळावे, आणि कळले तर तिने किती ठरवावे, ह्यावर त्या बाईचा जीव अवलंबून असतो.