गिरणीचा रंग आणि रोगाचा तंतू



आंबोलीच्या रानात भर पावसाळ्यात कुजक्या काटक्यांवरची बुरशी अंधारात उजळते. तो प्रकाश तिचा स्वतःचा. आज ज्या प्रकाशाचा इतिहास आम्ही सांगणार आहोत, तो उसना आहे. काही रंगांवर एका जातीचा प्रकाश टाकला की ते निराळ्या रंगाचा प्रकाश परत देतात. शास्त्रात यास अनुस्फुरण म्हणतात. ह्या उजेडात प्रथिनांची बिघडलेली घडी ओळखता येते. आणि ही विद्या उभी राहिली ती कापड रंगविण्याच्या धंद्याच्या खांद्यावर.

प्रथिन म्हणजे मण्यांची लांब माळ. ती ठरल्या रीतीने दुमडली तरच काम करते. उष्णतेने, आम्लाने, फार हिसळण्यानेही घडी मोडते आणि मोडलेल्या माळा एकमेकींना चिकटतात. उकडलेल्या अंड्याचा पांढरा बलक हे त्याचे घरगुती उदाहरण. काही प्रथिनांचे मात्र चिवट तंतू बनतात. अल्झायमर आणि पार्किन्सन ह्या व्याधींत मेंदूमध्ये असेच तंतू सापडतात.

इ. स. 1854 मध्ये जर्मन वैद्य फिर्खो यांनी रोग्यांच्या अवयवांतील अशा साठ्यास ‘अमायलॉइड’, म्हणजे पिष्टासारखे, असे नाव दिले. कारण आयोडिनने ते पिष्टासारखे रंगले. 1859 मध्ये फ्रीड्रिख व केकुले यांनी ते पिष्ट नसून प्रथिनाच्या जातीचे आहे असे दाखविले. नाव मात्र चुकीचेच राहिले! त्याच 1854 साली मुंबईत कावसजी दावर यांनी कापडगिरणीची मुहूर्तमेढ रोवली. ह्या दोन गोष्टींची गाठ पडेल, हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

1883 मध्ये बॉटिगर यांनी ‘काँगो रेड’ शोधला. तोवर बहुतेक रंगांना सुतावर बसण्यासाठी तुरटीसारख्या पदार्थाचा पाया लागे. हा थेट बसे. 1922 मध्ये बेनहोल्ड यांना आढळले की हाच रंग अमायलॉइडलाही धरतो. पुढे 1959 मध्ये वसार व कलिंग यांनी ‘थायोफ्लाविन टी’ हा कापडाचाच पिवळा रंग वापरला. त्याच्या रेणूचे दोन भाग पाण्यात मोकळे फिरतात आणि मिळालेली शक्ती फिरण्यातच खर्ची घालतात. तंतूच्या खोबणीत अडकले की फिरणे थांबते आणि रंग उजळतो. 1989 मध्ये नाइकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या उजेडावरून तंतूंचे मोजमाप करण्याची रीत दिली.

ह्या कहाणीत एक नोंद राहून जाते. काँगो रेड बेन्झिडीनपासून बनतो, आणि बेन्झिडीनने मूत्राशयाचा कर्करोग होतो. फ्रँकफर्टचे शल्यवैद्य रेन यांनी 1895 मध्येच रंगकारखान्यांतील कामगारांच्या मूत्राशयातील गाठींकडे लक्ष वेधले होते. शोधकांची नावे ग्रंथांत आली. वाफेत उभे राहिलेले हात अनाम राहिले.

आमच्या मुलखाचाही यात वाटा आहे. सावंतवाडी-मालवणचे चाकरमानी गिरणगावात साच्यावर आणि रंगखात्यात राबले. मुंबईत 1933 मध्ये रसायन-तंत्राचे विद्यापीठ-खाते निघाले आणि पुढे ते तेथून जवळच माटुंग्याला आले. त्याचे प्रमुख वेंकटरामन रंगांचे थोर अभ्यासक. 1957 मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. 18 जानेवारी 1982 च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकामागून एक मुके झाले. आज त्याच मुंबईत, पवईच्या आयआयटीत, समीर माजी यांची प्रयोगशाळा पार्किन्सनच्या प्रथिनाचे तंतू कसे बनतात याचा शोध घेते.

मात्र रंगाची साक्ष अखेरची मानू नये. लहान गठ्ठे त्याला पुष्कळदा दिसत नाहीत आणि कधी भलताच पदार्थही उजेड देतो. म्हणून दुसऱ्या परीक्षेचा दाखला घ्यावाच लागतो. एका साक्षीवर निकाल देऊ नये, हे कामगारांना चौकशीच्या खोलीत कधीच कळले आहे.

आता घाटावरच्या मधुमेही माणसाकडे पाहा. इन्सुलिनही प्रथिनच. उन्हात तापले, फार हिसळले, तर त्याचेही तंतू होतात. गोठले तरी ते टाकूनच द्यावे लागते. कारखान्यात रंग त्याची परीक्षा करील. पण त्यानंतर कुपी खेड्यापर्यंत थंड राहावी, यासाठी दवाखान्यात शीतकपाट हवे आणि त्याला वीज हवी. ती मागणी करणे हे आपले काम. ज्यांच्या श्रमाने हा रंग जगात आला, त्यांच्या घरापर्यंत त्याचे फळ पोचले पाहिजे.